‘ठेवा’ आणि इझाबेलची पाटी

१२ नोव्हेंबर २०२४

ही डायरी माझ्याच दुकानात छापलेली आहे. शेवटच्या वर्षी गिऱ्हाइकांना वाटायला शंभर काढल्या होत्या. त्यातल्या चाळीस माळ्यावर पडून आहेत, कारण शेवटच्या वर्षी गिऱ्हाइकंच साठ उरली होती. तारखा जुन्या सालातल्या आहेत, खोडून लिहितोय.

वसईच्या गोखिवऱ्यात बावीस वर्षं मी फ्लेक्स छापला. वाढदिवस, दहावीचे गुण, सत्यनारायण, भावी नगरसेवक. एकाच माणसाला मी सलग चौदा वर्षं ‘भावी’ म्हणून छापलं, तो अजूनही भावीच आहे. सप्टेंबरात मशीन विकलं, गाळा सोडला आणि एव्हरशाईन कॉलनीतल्या घरात येऊन बसलो. माझी बायको रचना हॉस्पिटलात नर्स आहे, ती सकाळी सातला निघते. तिच्यामागे घरात मी आणि माझ्या त्रेसष्ट पाट्या.

पाट्या म्हणजे रंगाऱ्याने हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या, पत्र्याच्या आणि लाकडाच्या. ‘येथे छत्र्या दुरूस्त करून मिळतील.’ ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी.’ ‘रंग ओला आहे, टेकू नये’, हा रंग १९८१ पासून ओला आहे. ज्या दुकानावर फ्लेक्स लावायला जायचो, तिथली उतरवलेली पाटी मागून घरी आणायचो. म्हणजे आधी मारायचं, मग मयताला धुऊनपुसून भिंतीवर टांगायचं. लोक याला छंद म्हणतात.

आज ठरवलं. माझ्यासारखे अजून असणारच. कोणी कुलपं जमवत असेल, कोणी तिकिटं, आणि घरचे त्यांना वेडा म्हणत असतील. त्या सगळ्यांसाठी इंटरनेटवर एक जागा काढायची. फुकट, जाहिरात नाही. नावही सुचलं: ‘ठेवा’.

रचनाला सांगितलं. ती डबा घासत होती. म्हणाली, “ठेवा म्हणजे काय, हुकूम आहे का? आहे तिथंच ठेवा?”

म्हटलं, ठेवा म्हणजे मौल्यवान साठा.

“मग आधी बाथरूमच्या दारावरची ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ काढा. परवा माझी मावशी बिचारी दाराबाहेर उभी राहिली.”

२० नोव्हेंबर

तयार सॉफ्टवेअर मिळतं, त्यात आपलं नाव घालायचं आणि बटणं लावायची. व्हिडिओतला माणूस साडेअकरा मिनिटांत मोकळा झाला. मला आठ दिवस लागले. त्यातले तीन पासवर्ड आठवण्यात गेले आणि एक दिवस माझ्याच साइटने मला ‘संशयास्पद सदस्य’ ठरवून बाहेर काढलं.

नियम मात्र झकास लिहिलेत, एकूण चौदा. खरेदी-विक्री नाही. कोणी कोणाचा पत्ता विचारायचा नाही. सदस्यांनी एकमेकांशी खरं बोलायचं. हा शेवटचा लिहिताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत सदस्य तीन. एक मी. दुसरा ‘चाचणी१’, म्हणजे दुसऱ्या फोनवरून मीच. तिसरी रचना, तिचा ओटीपीही मीच टाकला.

४ डिसेंबर

सव्वीस सदस्य! हे सगळं केनीमुळे. केनी जवळच्या निर्मळ गावचा, बँकेतून रिटायर झालेला, केळीची वाडी आहे आणि दोनशेवर जुनी कुलपं आहेत. आमची ओळख गोखिवऱ्याच्या भंगारवाल्याकडे झाली, दोघांनी एकाच पेटीला हात घातला होता. त्याने त्याच्या ओळखीच्यांना आणलं. त्यात पॉलिन टीचर आहेत, रिटायर हेडमिस्ट्रेस. चर्चमध्ये वाटतात ती सांतांची, म्हणजे ख्रिस्ती संतांची, छोटी चित्रं त्या जमवतात. त्यांनी आल्या दिवशी माझ्या चौदा नियमांतल्या शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका लिहून पाठवल्या.

अडचण एकच. सव्वीस सदस्य आहेत आणि फोटो एकही नाही. रोज सगळे येतात, बघतात कोणी काही टाकलंय का, आणि जातात.

केनीला फोन केला. “अरे, एखादं कुलूप तरी टाक.”

“मी? मी नाय टाकणार. कोणाची नजर कशी असते माहीत नाय आपल्याला.”

“मग आलास कशाला?”

“दुसऱ्यांचं बघायला,” केनी म्हणाला. “इतरांनी टाकायला काय हरकत आहे?”

खासगी संग्राहकांचा मेळावा भरवलाय खरा, पण सगळे पिशवी छातीशी धरून बसलेत.

१० डिसेंबर

मालकाने उदाहरण घालून द्यावं म्हणून छत्रीवाल्याची पाटी टाकली. चार जणांनी लाइकचा अंगठा दिला. पॉलिन टीचरनी कळवलं की पाटीवर ‘दुरूस्त’ लिहिलंय, ते चूक आहे.

माझी सगळ्यात चांगली पाटी अर्थात टाकली नाही. मुरलेला संग्राहक हुकमाचा पत्ता दाखवत नाही. ती आमच्या पलंगाच्या वर आहे, नऊ वर्षांपूर्वी त्याच भंगारवाल्याकडून आणलेली. साडेचार फुटी जाड सागवानी फळी, निळा रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: इझाबेल. माझ्या अभ्यासानुसार ही लेडीज टेलरची पाटी असावी, किंवा ब्यूटी पार्लरची. एक टोक डौलदार वर वळलेलं आहे, त्यातून मालकिणीची आवड दिसते. ‘झ’ शेजारच्या दोन अक्षरांच्या मधे दाबून बसवलाय, हा रंगाऱ्याने मुद्दाम केलेला प्रयोग. मागच्या बाजूला पांढरे खरखरीत ठिपके आहेत, ते दुकानाच्या भिंतीचा चुना.

रचनाला एकदा हे सगळं समजावून सांगितलं होतं. तिने फळीला नाक लावलं आणि विचारलं, “लेडीज टेलरच्या पाटीला माशांच्या तेलाचा वास कशाला येईल?”

नर्स लोकांची नाकं औषधांनी बिघडतात.

१७ डिसेंबर

आज जेवताना मला एक जबरदस्त कल्पना सुचली. रचना आमटी वाढता वाढता काहीतरी बोलत होती, “काय आहे ते सांगत नसतील तर काय नाही ते विचारा ना त्यांना,” असं काहीसं. माझं लक्ष नव्हतं, मी साइटचाच विचार करत होतो. आणि एकदम सुचलं: आपल्याकडे काय आहे ते लोक सांगणार नाहीत. पण काय नाही ते विचारलं तर?

लगेच ठळक अक्षरांत टाकलं: ‘तुमच्या संग्रहात नसलेली एक वस्तू सांगा. आणि तीच का हवी, तेही.’

रचनाला वाचून दाखवलं. तिने पळी आमटीत ठेवली आणि म्हणाली, “छान सुचलं हो.” कौतुक करायला ती कधी कमी पडत नाही.

२१ डिसेंबर

धरणच फुटलं. चार दिवसांत एकतीस जणांनी लिहिलं आणि एकानेही दोन ओळींत आटोपलं नाही.

केनीला एक किल्ली हवी आहे. त्याच्या आजीच्या पेटीचं कुलूप त्याच्याकडे आहे, बंद. ते तोडायचं नाही, उघडायचं आहे. पेटी कधीच गेली, नुसतं कुलूप उरलंय, तरी. पॉलिन टीचरना लहानपणी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी मिळालेलं चित्र हवंय. ते त्यांनी त्याच दिवशी मैत्रिणीला रागाने देऊन टाकलं होतं, आणि मैत्रीण पुढे लवकर वारली. या परिच्छेदात टीचरच्या स्वतःच्या दोन चुका होत्या. मी दाखवल्या नाहीत.

मी वाचत बसलो, जेवणाची वेळ टळून गेली. काय माणसं आहेत! आणि हे सगळं माझ्या कल्पनेतून.

२३ डिसेंबर

आज वसई किनाऱ्यावरच्या पाचूबंदरहून एक नवीन सदस्य. सॅन्टन तांडेल, वय शहात्तर. त्यांना टाइप करता येत नाही, सून जेनिफर लिहिते. इथे उतरवून ठेवतो:

‘पप्पा सांगतात तसं लिहिते, चुका माझ्या. आमच्याकडे होड्यांच्या नावाच्या एकेचाळीस फळ्या आहेत. बोट मोडली की पप्पा नावाची फळी मागून आणतात. आमच्या स्वतःच्या बोटीची नाही. ती माझ्या आजेसासऱ्यांनी बांधली होती आणि बायकोचं नाव दिलं होतं, इझाबेल. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा, १९८९ साली, ती वरच्या, उत्तरेकडच्या किनाऱ्याला विकली. पप्पा स्वतः पोचवायला गेले. फळी काढून आणणार होते, पण नवा मालक म्हणाला नाव काढलेली बोट पाण्यात घालत नाही. म्हणून ठेवली. वर्षाने आजी गेल्या. त्यांचा फोटो नाही. त्या सही करायच्या नाहीत, अंगठा द्यायच्या. त्यांचं नाव लिहिलेलं तेवढंच होतं. निळी फळी, पांढरी अक्षरं, झ जरा दाटीने बसलाय.’

वाचून फार वाईट वाटलं. आणि योगायोग बघा, माझ्याकडेही इझाबेलच! अर्थात माझी शिवणकामाची. ‘झ’ त्या काळात सगळेच दाबून काढायचे बहुतेक. मी खाली लिहिलं, ‘तुमच्या शोधाला मनापासून शुभेच्छा.’

२४ डिसेंबर

फळी खाली काढून मोजली. पाठीमागे सहा भोकं, गंजाच्या डागांसकट. ठिपके नखाने खरवडून पाहिले, शिंपल्यासारखे कडक निघाले. चुना असा नसतो.

यावरून काहीच सिद्ध होत नाही. परत टांगली.

३० डिसेंबर

‘ठेवा’वर सगळे इझाबेल शोधतायत. केनीने किनाऱ्यावरच्या बंदरांची यादी केली आणि वाटून दिली. पॉलिन टीचरनी सात चर्चना पत्रं लिहिली, शाईने. बोरिवलीचा तिकिटं जमवणारा एक गृहस्थ सुट्टी काढून अर्नाळ्यात जुन्या सुतारांना भेटून आला. ज्यांनी महिनाभर एक फोटो टाकला नव्हता, ते आता घरातल्या कपाटांसकट फोटो टाकतायत, “ही नाही ना?” म्हणून विचारतायत. सदस्य एकशे दहा. एकमेकांना ‘दादा’, ‘ताई’ म्हणायला लागलेत.

मला जे हवं होतं ते सगळं होतंय, आणि ज्या वस्तूसाठी होतंय ती माझ्या उशीच्या वर आहे. सगळ्यांनी मला शोधमोहिमेचा प्रमुख केलंय. मी रोज सकाळी ‘आजची प्रगती’ लिहितो. चांगली लिहितो.

का देत नाही, हे इथे तरी खरं लिहावं. नऊ वर्षं मी लोकांना या पाटीवर व्याख्यान देतोय. ती बोटीची निघाली तर मी नऊ वर्षं पाटीखाली झोपून काहीही न कळलेला माणूस ठरतो. हे एक. दुसरं म्हणजे ती दिल्यावर माझ्याकडे छत्रीवाला उरतो.

६ जानेवारी २०२५

केनीचा फोन. “अल्पेश, तू मागे भंगारवाल्याकडून एक निळी फळी नेली होतीस ना? आठवतं मला, रिक्षात मावत नव्हती.”

“ती हिरवी होती,” मी म्हटलं.

“हिरवी?”

“पोपटी. डेअरीची.”

“बरं. मग मी टाकतो साइटवर, की वसईतल्या प्रत्येकाने आपापल्या घरातल्या सगळ्या फळ्यांचे फोटो टाकायचे. तूच सुरुवात कर, मालक आहेस.”

फोन ठेवला आणि जे केलं ते लिहायला हात धजत नाहीये. दुसरा फोन घेतला. ‘चाचणी१’ या सदस्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लिहिलं: ‘अशी निळी फळी उंबरगावच्या बंदरावर पाहिल्यासारखी वाटते. नक्की सांगता येत नाही.’

‘नक्की सांगता येत नाही’ हे मी प्रामाणिकपणा म्हणून घातलं.

लगेच सगळे उंबरगावकडे वळले. केनी फोटोंचं विसरला. मी ‘आजची प्रगती’मध्ये ‘आशादायक धागा’ असं लिहिलं.

१३ जानेवारी

जेनिफरचा फोन आला. काल सॅन्टनकाका तिला घेऊन उंबरगावला गेले होते. चार तास बंदरावर फिरले, एकेका बोटीपाशी जाऊन विचारलं. धक्क्यावर शेवाळात पाय घसरला. उजवा हात मनगटाच्या वर मोडला, प्लास्टर घातलंय.

“तुम्ही टेन्शन घेऊ नका, अल्पेशभाऊ,” ती मलाच म्हणाली. “पप्पा म्हणतात, साइटवाल्यांना सांग, शोध थांबवू नका. ज्यांनी उंबरगाव सांगितलं त्यांना थँक्यू सांगा. कोणीतरी एवढं मनावर घेतंय.”

१४ जानेवारी

संक्रांत. रचना कामावरून आली, तिळगूळ हातावर ठेवला आणि पलंगाकडे बोट करून म्हणाली, “ती कधी देणार?”

“तुला कधी कळलं?”

“त्या जेनिफरने लिहिलं त्या दिवशी. तुम्ही मला सदस्य केलंय, विसरलात? मी रोज वाचते.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले. तीन आठवडे थांबले.” ती खुर्चीत बसली, चपला पायातच होत्या. “आणि तो ‘चाचणी१’ कोण आहे, तेही माहीत आहे मला. पहिल्या दिवशी तुम्हीच कौतुकाने दाखवला होतात.”

मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, “आमच्या वॉर्डात म्हातारी माणसं हात मोडून येतात. शहात्तराव्या वर्षी उजवा हात म्हणजे काय असतं, सांगू?”

सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

१५ जानेवारी

फळी जुन्या चादरीत गुंडाळली. रिक्षात ती आडवी मावेना, म्हणून एक टोक रचनाच्या मांडीवर आणि वळलेलं टोक बाहेर. पूल ओलांडून, गाव ओलांडून पाचूबंदरपर्यंत रचना आपलं टोक दोन्ही हातांनी धरून बसली होती.

घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत होते. सॅन्टनकाका जाळ्यांच्या खोलीत खाटेवर बसले होते. काळा सुकलेला माणूस, गळ्यात हात अडकवलेला. भिंतभर फळ्या: सांत पेद्रू, दर्याची राणी, आवे मारिया, जय एकवीरा. एकेचाळीस बोटी किनाऱ्याला लागाव्यात तशा.

“कोन? साइटवाला? ये. आधी पानी पी.”

मी पाणी न पिताच चादर सोडली.

ते पुढे आले नाहीत. मीच फळी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी डावा अंगठा ‘झ’वर ठेवला आणि हळूहळू फिरवला.

“आधी ज लिवला होता,” ते म्हणाले. “आयला वाचता येत नव्हता. बापानं वाचून दावलं, इजाबेल. आय म्हनाली, असं नाय, फादर झ बोलतात. मंग रंगारी परत आला, ज चा झ केला. जागा होती कुठं? तिनं जागा काढायला लावली.”

मग त्यांनी फळीला कपाळ टेकलं आणि तसेच राहिले. जेनिफर दारात रडत होती. रचना माझ्याकडे बघत होती, ते मला बघायचं नव्हतं.

मी सांगितलं, माझ्याकडे नऊ वर्षं होती, मला वाटलं टेलरची. सॅन्टनकाका मोठ्याने हसले. “टेलर! आय माझी सुईत दोरा ओवायची नाय!” मग जेवायला बसवलं, पापलेट माझ्या ताटात दोनदा वाढलं.

उंबरगावचं बोललो नाही. तोंडात घास होता.

२२ जानेवारी

‘ठेवा’वर जल्लोष आहे. जेनिफरने फोटो टाकला: काका, इझाबेल आणि मधे मी, सत्काराला बसल्यासारखा. ‘नऊ वर्षं जपलेली पाटी क्षणात परत करणारा माणूस’, असं कोणीतरी लिहिलंय. एकशे ऐंशी अंगठे. पॉलिन टीचरनी एकही चूक काढली नाही. केनीने फक्त लिहिलं, ‘पोपटी?’ आणि मग तेही पुसून टाकलं.

मी आठ दिवस हे सगळं वाचतोय. पहिले दोन दिवस मजा आली, हे कबूल करतो.

आज दुपारी एकटाच पाचूबंदरला गेलो. रिक्षात वाक्यं पाठ केली होती, तिथे एकही आलं नाही. सरळ सांगितलं, “काका, उंबरगावची फळी खोटी. ते मी लिहिलं. माझी द्यावी लागू नये म्हणून.”

आधी जेनिफर बोलली. “चार तास, अल्पेशभाऊ. मी लोकांच्या पाया पडत होते, जरा आठवून बघा म्हणून. आणि तुम्हाला थँक्यू सांगितलं मी.” ती आत गेली आणि परत बाहेर आली नाही.

सॅन्टनकाकांनी मला खाटेजवळ बोलावलं. मग प्लास्टर थोडं वर उचललं.

“ह्यो मोडलेला हात कोनाचा?”

“माझ्यामुळे मोडला.”

“कोनामुळं नाय इचारलं. कोनाचा?”

मला कळेना.

“ह्यो आता तुझा. आनि ह्यो बरा होईपरतर तुझा हात माझा. दर वर्सी या टायमाला मी फळ्यांना तेल लावतो. बेचाळीस हायत. फुडच्या बुधवारपासून ये. जुना धोतर फाडून आन.”

२५ जानेवारी

साइटवर सगळं लिहून टाकलं, ‘चाचणी१’सकट. दोन तासांत तेवीस जण सोडून गेले. केनीने लिहिलं, ‘तू आमच्याकडून तुझ्याच घरातली पाटी शोधून घेतलीस.’ सदस्यांनी मत घेतलं आणि मला मालकीवरून काढायचं ठरलं. माझ्या बाजूने एक मत पडलं, ते माझं नव्हतं. रचनाला विचारलं, तिने सांगितलं नाही.

सगळे पासवर्ड पॉलिन टीचरना दिले. त्यांनी कळवलं, ‘मिळाले. आपल्या कबुलीजबाबात सहा चुका आहेत. त्यांपैकी पाच शुद्धलेखनाच्या.’

३ फेब्रुवारी

चार फळ्या झाल्या. धोतर मिळालं नाही, रचनाची जुनी सुती साडी नेली. तेल उलट्या दिशेने लावलं म्हणून शिव्या खाल्ल्या. फळी पुसायला घेतली की काका त्या बोटीची गोष्ट सुरू करतात आणि गोष्ट संपेपर्यंत खाली ठेवू देत नाहीत. ‘दर्याची राणी’ला अडीच तास लागले, माझे दंड भरून आले.

जेनिफर चहा देते, बोलत नाही. कप जरा आपटून ठेवते.

१६ फेब्रुवारी

अकरा झाल्या. मी आता गोष्टी ऐकून घरी येऊन लिहून ठेवतो. पॉलिन टीचरनी विचारलं, त्या साइटवर टाकता येतील का. काकांना विचारलं तर म्हणाले, “टाक, पन बोट चालवनाऱ्या तांडेलाचं नाव चुकवू नको.” टीचर आधी तपासतात. केनीने पहिल्या गोष्टीखाली एक प्रश्न विचारला, मला नाही, काकांना. पण उत्तर मीच टाइप केलं आणि त्याने ‘बरं’ लिहिलं.

आज जेनिफरने कपासोबत बशीत दोन बोंबील ठेवले. तळलेले, गरम. “जास्त झाले होते,” म्हणाली.

९ मार्च

चोवीस झाल्या. एक गोष्ट मात्र काळजीची आहे. आठ आठवडे झाले तरी काकांचा हात बरा होत नाहीये. प्लास्टर निघालं, पण गळ्यातली झोळी तशीच आहे. विचारलं की कण्हतात, “डॉक्टर बोलला अजून जपायचा.” आज ‘सांत पेद्रू’ खिळ्यावरून निसटली तेव्हा त्यांनी झटकन उठून दोन्ही हातांनी झेलली, वर सरळ टांगलीही. मग माझ्याकडे बघून हात पुन्हा झोळीत घातला. सवयीने झालं असेल. मी काही बोललो नाही, उगाच दुखायला लागायचं. जेनिफर का हसत होती कोण जाणे.

घरी आल्यावर रचनाला विचारलं, इतका वेळ लागतो का. ती रोज हाडं बघते.

“या वयात लागतो,” ती म्हणाली. “किती फळ्या राहिल्यात?”

“अठरा.”

“मग तेवढा लागेल.”

डॉक्टरी हिशेबात फळ्या कुठून आल्या, मला कळलं नाही. ती कपाटातून अजून एक जुनी साडी काढत होती.